सीरममधल्या अँटी-डीएनए अँटिबॉडी उतरत नाहीत: पाणी कुठे मुरतंय?

तक्रार बहुतेक एकाच वाक्यात येते: "मेम्ब्रेनवर डीएनए लावला, त्यावर सीरम रात्रभर फिरवत ठेवलं, सकाळी एलायझा केली तर टायटर होता तसाच." मिरजेतून येते, कराडहून येते, सांगलीतल्या एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्यांकडून तर दर वर्षी येते. तिची धाकटी बहीण जास्त त्रासदायक: "हिवाळ्यात केलं तेव्हा छान उतरला होता, आता तीच कृती, तेच मेम्ब्रेन, आणि काही होत नाही."

ज्यांनी अजून हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेम्ब्रेन म्हणजे डीएनए धरून ठेवणारा कागदासारखा पातळ पडदा, एलायझा म्हणजे अँटिबॉडी मोजायची रंगाची चाचणी, आणि टायटर म्हणजे तिने दाखवलेली अँटिबॉडीची पातळी. ल्युपसच्या (रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) रुग्णांच्या सीरममध्ये डीएनएविरुद्ध अँटिबॉडी असतात, हे १९५७ पासून माहीत आहे. प्रयोगशाळेत त्या काढून टाकायचं कारण साधं असतं. हेप-२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर एएनए (पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी) तपासताना त्यांची एकसारखी चमक इतकी जोरात येते की खालचे बाकीचे पॅटर्न झाकले जातात. त्या बाजूला केल्या की मागे काय उरलंय ते दिसतं. कधी उलटंही असतं, म्हणजे त्याच अँटिबॉडी शुद्ध करून हव्या असतात. रुग्णाचं रक्त शरीराबाहेर फिरवून त्या काढण्याचा प्रयोग टर्मन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडला होता. त्यांनी डीएनए कोलोडियनच्या थरात, कोळशावर बसवला होता. कोलोडियन म्हणजे नायट्रोसेल्युलोजच, आपल्या ब्लॉटिंगच्या मेम्ब्रेनचा सख्खा भाऊ. आपलं काम मात्र शंभर-दोनशे मायक्रोलिटर सीरम आणि मेम्ब्रेनच्या नखाएवढ्या पट्ट्या एवढंच. रुग्णाचं सीरम असल्यामुळे एथिक्स कमिटीची परवानगी आणि हातमोजे हे धरलेलंच आहे.

टायटर उतरला नाही की सगळे अँटिबॉडीच्या मागे लागतात. सीरम बदलतात, वेळ वाढवतात, एलायझाचं किट बदलतात. माझं म्हणणं असं की डीएनए या क्षणी कुठे आहे, किती आहे आणि कोणत्या रूपात आहे, हे कळेपर्यंत सीरमची ट्यूब उघडूच नये.

पट्टी निळी करून बघा

मिथिलीन ब्लू ०.०४ टक्के, ०.५ मोलर सोडियम अ‍ॅसिटेटमध्ये, पीएच ५.२. डीएनए लावून झालेली पण अजून ब्लॉक न केलेली (म्हणजे रिकामी जागा प्रोटीनने न झाकलेली) एक पट्टी या कामासाठी खर्ची घाला. पाच-दहा मिनिटं बुडवा, मग डिस्टिल्ड पाण्यात पार्श्वभूमी पांढरी होईपर्यंत धुवा. पाणी डिस्टिलेशनच्या भांड्यातलंच घ्या, गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी नको.

नीट बसलेल्या डीएनएचा रंग सपाट, एकसारखा येतो. कडेला गडद कडं आणि मध्ये फिकट असेल, तर थेंब टाकून पंख्याखाली सुकवलंय असं समजा. थेंब सुकताना डीएनए कडेला वाहून गेला आणि मधली जागा रिकामी राहिली. निळ्यात मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसले तर ते हवेचे. नायट्रोसेल्युलोज चिमट्याने थेट बुडवलं की आत हवा कोंडते. पट्टी पाण्यावर अलगद तरंगत सोडायची. खालून ओल चढत जाते आणि पांढरा रंग करडा होत जातो. शेवटचा पांढरा कोपरा गेला की मगच बुडवायची. आणि कधीकधी एका कडेला अंगठ्याच्या आकाराची फिकट जागा येते. ती कुणाची ते विचारत बसू नका, त्या हाताला हातमोजा द्या. कातडीवर डीएनए खाणारी एन्झाइमं असतातच.

रंग म्हणजे अंदाज, आकडा नव्हे. आकड्यासाठी डीएनएच्या द्रावणाची २६० नॅनोमीटरला प्रकाशशोषणाची नोंद पट्टी घालण्याआधी घ्या, नंतर उरलेल्या द्रावणाची घ्या, आणि प्रत्येक वॉशचीही घ्या. दुहेरी धाग्याला १ ओडी (त्या नोंदीचं एकक) म्हणजे ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, एकेरीला साधारण ३३. एक फट लक्षात ठेवा: डीएनए उलगडला की तेवढ्याच डीएनएची नोंद वाढते. त्यामुळे मधल्या एखाद्या पायरीत तो अर्धवट उलगडला असेल तर वजाबाकी चुकते. प्रोटीनचा थर दिलेलं मेम्ब्रेन असेल तर २८० ची नोंदही घ्या, कारण सुटून येणारं प्रोटीन २६० लाही थोडं दिसतं.

पट्टी पांढरीच राहिली तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही. डीएनए बसलाच नाही. पट्टी निळी आली आणि तरी टायटर हलला नाही, तर खरी गंमत तिथून सुरू होते.

निळी आहे, पण भलताच डीएनए

नायट्रोसेल्युलोजवर डीएनए लावायची जी कृती सगळ्यांच्या वहीत असते ती सदर्न ब्लॉटची (मेम्ब्रेनवरच्या डीएनएतला हवा तो तुकडा शोधायची पद्धत), १९७५ ची. अल्कलीत धागे सोडवा, २० एसएससीत ठेवा, ८० अंशांवर दोन तास भाजा. २० एसएससी म्हणजे ३ मोलर मीठ आणि ०.३ मोलर सोडियम सायट्रेट. कृती उत्तम आहे, पण ती एकेरी धाग्यासाठी आहे, कारण तिथे पुढे प्रोब (जुळणारा, खूण लावलेला धागा) चिकटवायचा असतो. दुहेरी धागा नायट्रोसेल्युलोजवर फारसा धरत नाही. म्हणजे डीएनए न सोडवता लावला तर वॉशमध्ये निघून जातो, आणि सोडवून लावला तर पट्टी सुंदर निळी होते पण तिच्यावर ल्युपसला हवा तो डीएनए नसतो.

एकेरी धाग्याविरुद्धच्या अँटिबॉडी इतरही बऱ्याच आजारांत सापडतात. त्या अशा पट्टीवर उतरतील. पण तुमची एलायझा दुहेरी धाग्याची असेल तर तिला त्याचं सोयरसुतक नाही. मग विद्यार्थी म्हणतो, टायटर हलला नाही.

तपासायचं असेल तर एस-वन न्यूक्लिएज वापरा. ते एकेरी धागा खातं, दुहेरी सोडतं. एक पट्टी त्यात ठेवा, एक नुसत्या बफरमध्ये, आणि दोन्ही निळ्या करा. एस-वनला झिंक लागतं आणि पीएच साडेचारच्या आसपास. इथे एक छुपा सापळा आहे. पट्टी टीई बफरमधून थेट आणली तर त्यातला ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारं रसायन) झिंक पकडून ठेवतो, एन्झाइम गप्प बसतं, आणि "बघा, सगळा दुहेरीच आहे" म्हणून लोक खूष होतात. त्याच नळीत उकळून सोडवलेल्या डीएनएची एक पट्टी सोबत घाला. ती पांढरी झाली तरच बाकीच्यांचं ऐका.

नायलॉनबद्दल विचारतात म्हणून सांगतो. पॉझिटिव्ह चार्जचं नायलॉन दुहेरी धागाही धरतं, आणि २५४ नॅनोमीटरचा यूव्ही दिला की पक्कं होतं. नेहमीचा डोस १२० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. पण यूव्हीने थायमिनच्या जोड्या एकमेकांना चिकटतात, डीएनए ठिकठिकाणी मेम्ब्रेनला शिवल्यासारखा सपाट पडतो, आणि नायलॉनचा उरलेला चार्ज सीरममधलं वाट्टेल ते ओढतो. या कामाला मी ते घेत नाही.

प्रोटीनचा थर: दोन वाटा

मेम्ब्रेनवर आधी प्रोटीन बसवायचं आणि प्रोटीनला डीएनए धरायला लावायचं, ही दुहेरी धाग्याची खरी वाट. स्वस्त वाट मिथिलेटेड बीएसएची (बीएसए म्हणजे गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन). अल्ब्युमिनचे कार्बॉक्सिल गट मिथिलने झाकले की ते पॉझिटिव्ह होतं आणि डीएनएच्या फॉस्फेटला धरतं. मँडेल आणि हर्शी यांनी १९६० मध्ये याच तत्त्वावर न्यूक्लिक आम्लं वेगळी करायचे कॉलम केले होते. त्या कॉलममधून डीएनए खाली कसा उतरवायचे? मीठ वाढवून. ०.६-०.७ मोलरच्या आसपास दुहेरी धागा सुटतो.

हे एक वाक्य ज्याच्या डोक्यात बसलं त्याचे निम्मे प्रश्न सुटले. बंध निव्वळ चार्जचा आहे. म्हणजे १ मोलर मिठाचा "कडक वॉश" दिला की अँटिबॉडीबरोबर डीएनएही गेला. शिवाय रिकामी राहिलेली पॉझिटिव्ह जागा सीरममधल्या निगेटिव्ह गोष्टी आणि इम्यून कॉम्प्लेक्स धरते. मग डीएनए असो वा नसो, टायटर थोडा उतरलेला दिसतो. म्हणून डीएनए न लावलेली मिथिलेटेड बीएसएची पट्टी प्रत्येक वेळी सोबत हवीच. तिच्याशी तुलना केल्याशिवाय आकडा मार्गदर्शक सरांना दाखवू नका.

महाग पण भरवशाची वाट स्ट्रेप्टॅव्हिडिनची, म्हणजे बायोटिन या जीवनसत्त्वाला घट्ट धरणाऱ्या प्रोटीनची. पीसीआरच्या एका प्राइमरच्या (डीएनएची प्रत जिथून सुरू होते त्या छोट्या धाग्याच्या) ५ प्राइम टोकाला बायोटिन लावून मागवा, चार-पाचशे बेसजोड्यांचा तुकडा वाढवा, स्ट्रेप्टॅव्हिडिन लावलेल्या मेम्ब्रेनवर सोडा. डीएनए एका टोकाने धरला जातो, बाकीचा द्रावणात मोकळा झुलतो, आणि अँटिबॉडीचे दोन्ही हात त्यावर बसू शकतात. फार आखूड तुकडे घेऊ नका. दोन हातांना एकाच धाग्यावर जागा मिळाली तर पकड कितीतरी घट्ट होते.

इथे अडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, उरलेला प्राइमर. त्यालाही बायोटिन आहे, तो छोटा आहे, पळत जाऊन सगळ्या जागा अडवतो आणि तुमच्या तुकड्याला उभं राहायला जागा उरत नाही. कॉलमने साफ केल्याशिवाय पीसीआरचं उत्पादन पट्टीवर घालू नका. जेलवर खालचा पुसट पट्टा दिसत नाही म्हणजे प्राइमर नाही असं नव्हे. दुसरं, दूध. ब्लॉकिंगला स्किम मिल्क पावडर वापरायची सवय प्रोटीन शोधणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवाल्यांची, पण दुधात बायोटिन असतं. डीएनए लावायच्या आधी दुधाने ब्लॉक केलं तर जागा दुधाने खाल्ल्या. इथे बीएसए घ्या, आणि ब्लॉकिंग डीएनएनंतर करा. तिसरं सगळ्यात दुष्ट. प्रीहायब्रिडायझेशनची (सदर्नमध्ये प्रोबआधी मेम्ब्रेन ब्लॉक करायची) जुनी कृती उतरवून घेताना त्यातला सॅल्मन स्पर्म डीएनएही उतरतो. सदर्नमध्ये तो ब्लॉकर आहे, इथे तो आमंत्रण आहे. सीरममधल्या अँटिबॉडी द्रावणातल्या त्या मोकळ्या डीएनएवरच बसतात आणि पट्टीकडे ढुंकून बघत नाहीत. बफरच्या बाटलीवर नुसतं "ब्लॉकिंग" लिहिलेलं असेल तर आत काय आहे ते विचारा.

ईडीसी या जोडणाऱ्या रसायनाने अमाइन लावलेला डीएनए कायमचा जोडायची तिसरी वाटही आहे. तिचे दोन शत्रू: ट्रिस बफर आणि दमट हवा. ट्रिसमध्ये स्वतःचा अमाइन गट आहे, ईडीसी त्यालाच जोडत बसतं, म्हणून एमईएस बफर घ्या. आणि श्रावणात उणे २० मधून काढलेली बाटली थंड असतानाच उघडली तर झाकणाखाली दव साचतं. पुढच्या महिन्यात ती पावडर गोळा झालेली आणि निकामी असते. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा, आणि छोट्या नळ्यांत वाटून ठेवा.

हिवाळ्यात चालतं, उन्हाळ्यात नाही

आता त्या धाकट्या बहिणीकडे येऊ. सीरममध्ये डीएनेज, म्हणजे डीएनए तोडणारं एन्झाइम, असतं. त्याला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं आणि दोन्ही सीरममध्ये तयारच आहे. कॅल्शियम साधारण २.२ ते २.६ मिलिमोलर, मॅग्नेशियम १ च्या खाली. कृतीत लिहिलेलं असतं "खोलीच्या तापमानाला". ते लिहिणाऱ्याची खोली वीस-पंचवीस अंशांची होती. सांगलीत एप्रिल-मेच्या दुपारी, त्यात वीज गेलेली असताना, बाकावरची ट्रे सरळ पस्तिशीच्या पुढे असते. म्हणजे डीएनेजला हवं तेच तापमान. डिसेंबरात जे चार तासांत थोडं कुरतडलं जायचं, ते मेमध्ये साफ होतं. अँटिबॉडी बसल्या तरी त्यांच्यासकट डीएनएचे तुकडे द्रावणात परत आले, मग टायटर उतरणार कसा?

उपाय साधा: सीरममध्ये ईडीटीए १० मिलिमोलर, आणि पट्ट्या ४ अंशांवर. ईडीटीएचं द्रावण पीएच ८ ला आणलेलं असू द्या. खात्री करायची तर तीन पट्ट्या घ्या: एक सीरममध्ये, एक ईडीटीए घातलेल्या सीरममध्ये, एक नुसत्या बफरमध्ये. सगळ्या सारख्या वेळ ठेवा, ट्वीन घातलेल्या बफरने धुवा, निळ्या करा. सीरममुळे पार्श्वभूमी थोडी निळसर येईल, पण पहिल्या दोघींत ती सारखीच असेल, त्यामुळे फरक वाचता येतो.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: ट्यूबच्या टोपणाचा रंग. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधला प्लाझ्मा ईडीटीए घेऊनच येतो, लाल टोपणाचं सीरम येत नाही. एका बॅचला वॉर्डातून जांभळ्या आल्या, दुसऱ्याला लाल, आणि वहीत दोन्ही ठिकाणी "नमुना" एवढंच लिहिलेलं असेल तर फरक आयुष्यभर सापडत नाही. हिरव्या टोपणाच्या हेपॅरिन ट्यूबला तर या कामात जागाच नाही. हेपॅरिन डीएनएपेक्षाही जास्त निगेटिव्ह आहे. मिथिलेटेड बीएसएवरून ते डीएनएला ढकलून स्वतः बसतं.

पट्टी पुरेशी आहे का, हेही एकदा कागदावर मांडा

१०० मायक्रोलिटर सीरममध्ये आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडीचा मुख्य प्रकार) साधारण १ मिलिग्रॅम असतं. त्यातला एक टक्का डीएनएविरुद्धचा धरून चाला, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, सुमारे ६७ पिकोमोल. पट्टीवर ५०० बेसजोड्यांचा डीएनए १ मायक्रोग्रॅम असेल तर तो ३ पिकोमोल होतो. एकेका तुकड्यावर दहा अँटिबॉडी दाटीवाटीने बसल्या तरी ३० पिकोमोल. म्हणजे सगळं बरोबर करूनही निम्म्याहून जास्त अँटिबॉडी वरच राहणार. अशा वेळी कृतीत काही बिघडलेलं नसतं. सीरम पातळ करा, कमी घ्या, किंवा तेच सीरम दोन-तीन ताज्या पट्ट्यांवरून ओळीने न्या. प्रत्येक पट्टीनंतर टायटर थोडाथोडा घसरत गेला तर पट्टी चांगली आहे, फक्त लहान आहे. पहिल्या पट्टीनंतर जिथे थांबला तिथेच तो तिसऱ्यानंतरही असेल, तर वर राहिलेल्या अँटिबॉडी तुमच्या डीएनएला ओळखतच नाहीत.

टायटर उतरला, पण खोटा

हे प्रकरण मला टायटर न उतरण्यापेक्षा जास्त घातक वाटतं, कारण इथे कुणी तक्रार करत नाही. पट्टीवरून डीएनए सुटून सीरममध्ये गेला, अँटिबॉडी त्यावर बसल्या, आणि तेच सीरम एलायझाच्या विहिरीत घातलं. आता अँटिबॉडीचे हात भरलेले आहेत, विहिरीतल्या डीएनएवर त्या बसत नाहीत. वाचन खाली येतं. अँटिबॉडी मात्र सगळ्याच्या सगळ्या नळीतच आहेत.

याला उपाय एकच, हिशेब पुरा करणं. सुरुवातीला सीरममध्ये किती, नंतर किती, आणि पट्टीवरून उतरवल्यावर किती मिळाल्या. पहिला आकडा आणि बाकीच्या दोघांची बेरीज साधारण जवळ यायला हवी. पट्टीवरून काहीच उतरलं नाही आणि तरी सीरममधला टायटर कोसळला असेल तर पेढे वाटू नका. एकूण आयजीजीही आधी आणि नंतर मोजा. तेही त्याच प्रमाणात घटलं असेल तर पट्टी डीएनएमुळे नाही, नुसती चिकट आहे म्हणून काम करतेय.

अँटिबॉडी पट्टीवरून परत काढताना

प्रोटीन ए वापरून अँटिबॉडी शुद्ध करणारे सवयीने ग्लायसीन पीएच २.५ घेतात. त्या आम्लात डीएनएचे प्युरीन (ए आणि जी हे बेस) गळतात आणि धागे सुटतात. एकदा उतरवलं की पट्टी गेली, आणि उतरलेल्या द्रावणात डीएनएचे तुकडेही आले. पुढच्या बॅचला "तीच पट्टी परत वापरली, यावेळी चालली नाही" ही तक्रार बरेचदा इथूनच येते. स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या पट्टीवर मीठ पायरीपायरीने वाढवा: आधी ०.५, मग १, मग २ मोलर. बायोटिनचा बंध मिठाला दाद देत नाही, अँटिबॉडी देतात. उतरलेलं लगेच डायलिसिसने नेहमीच्या मिठावर आणा, नाहीतर त्या एलायझातही बसणार नाहीत आणि तुम्ही म्हणाल उतरल्याच नाहीत. अगदी घट्ट पकडीच्या काही अँटिबॉडी २ मोलरलाही हलणार नाहीत. त्या हिशेबात "पट्टीवर शिल्लक" म्हणून वेगळ्या लिहा.

पट्ट्या आधीच करून ठेवायच्या तर टीई बफरमध्ये, ४ अंशांवर, ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालून. वाळवून ठेवू नका. आणि वापरायच्या आधी दोन-तीनदा नीट धुवा, कारण अझाइड एलायझात रंग आणणाऱ्या पेरॉक्सिडेजला मारतं. ते सीरमबरोबर एलायझाच्या विहिरीपर्यंत पोचलं तर रंगच कमी येईल, आणि टायटर उतरल्याचा आणखी एक खोटा पुरावा तुमच्या हातात पडेल.